चेहऱ्याला लावायचं तेल

कोल्हापूर
१० ऑक्टोबर १९९९

प्रिय आक्का,

सप्रेम जय भीम. तुझं पत्र मिळालं. दाजींचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडं आम्ही दोघं ठीक आहोत. ह्यांची वर्कशॉपमधली पाळी सकाळची झालीय, त्यामुळं दुपारी घरात असतात आणि माझ्या तेलाच्या वासानं वैतागतात. "शालन, हे स्वयंपाकघर हाय का औषधाचा कारखाना?" असं रोज एकदा तरी म्हणून होतं.

श्रुतीला बघायला वारणानगरचे पावणे येणार, हे मला तिनंच फोनवर सांगितलं होतं. लाजत होती. मुलगा डेअरीत आहे, संघर्ष नाव आहे, एवढंच म्हणाली आणि "मावशी, ठेवते" करून टाकलं. बी.एस्सी.ची तीन वर्षं माझ्याकडं राहिली, आम्हाला लेकरू नाही, तेव्हा मला थोडी जास्तच हुरहुर लागलीय असं समज. तिच्या खांद्यावरचं ते शिबं, तो फिकट डाग, गेला का? मी करंजाचं तेल लावायला दिलं होतं. नेमानं लावते का विचार.

तेलाचं तू विचारलंस. भैरवीच्या पार्लरमध्ये ते चांगलं चाललंय. भैरवीचा स्वभाव तुला माहीत आहे, बडबडी पण मनानं मोकळी. बाटलीवरच्या कागदावर तिनं नुसतं ‘शालन’ असं छापून आणलं. आडनाव नाही. मी विचारलं तर म्हणाली, "शालनताई, नुसतं नाव कसं गोड दिसतंय बघा की!" आता ते खरंच दिसायला गोड म्हणून, का आडनाव वाचून राजारामपुरीतल्या बायका तोंडाला लावणार नाहीत म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. तिलाही विचारता येत नाही. ती हसून जवळ घेते, मग काय विचारायचं?

तेल करण्याची रीत तीच. निम्मं तिळाचं, निम्मं करडईचं. नुसतं तीळतेल चेहऱ्याला जड होतं आणि खोबरेलानं काहींना पुटकुळ्या येतात, म्हणून करडई. मंजिष्ठा, अनंतमूळ, ज्येष्ठमध आणि वाळा रात्रभर भिजवायचं, थोडं वाटून, थोडं उकळून तेलात घालायचं आणि अगदी बारीक आचेवर ठेवायचं. घाई केली की रंग जळतो. पाणी उडालं का बघायला कापसाची वात तेलात बुडवून पेटवायची. चटचट वाजली नाही म्हणजे झालं. मग उतरवून, कोमट होऊ देऊन, मनगटाच्या वर थेंब टाकून बघायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या, त्यातनं एवढी चिकाटी मात्र आली.

सध्या एक नवीन तेल करायला घेतलंय. पार्लरमध्ये एक बाई येते, तिच्या गालावर आणि हातावर फिकट डाग आहेत. डॉक्टरांनी शिबं म्हणून मलम दिलं, त्यानं गेले नाहीत. मी बावची, पांढऱ्या डागांवर लावतात ते बी, घालून बघितली. बावची लावून थोडं उन्हात बसायचं असतं. झालं असं, की डागाच्या भोवतालची चांगली कातडी लालभडक होऊन चुरचुरायला लागली आणि डाग मात्र जिथल्या तिथं, शांत. असं उलटं का व्हावं? बावची कमी केली, ज्येष्ठमध वाढवलं, तरी तेच. पुस्तकात बघितलं, तिथंही पत्ता लागत नाही.

आणि माझ्या वेंधळेपणाची गंमत सांगते. परवा तेल उतरवलं, हातावर थेंब टाकून बघितला, कोमट वाटला म्हणून आणखी टाकला. थोड्या वेळानं हे म्हणाले, "अगं, हातावर फोड कसला?" बघते तर चांगला टपोरा फोड. तेल कढत होतं आणि माझं लक्षच नाही! वय झालं बघ.

पावण्यांची तारीख ठरली की कळव. मी येणारच.

तुझी,
शालन


कोल्हापूर
२८ नोव्हेंबर १९९९

प्रिय आक्का,

जय भीम.

तू रागावली आहेस. रागावणारच. पावणे आले, बघून गेले, पसंती झाली आणि मावशीचा पत्ता नाही. ताप होता असा निरोप मी दिला. ताप नव्हता. फोन शेजारच्यांच्या घरात आहे, तिथं सगळं घर कान लावून बसतं, म्हणून फोनवर काही बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. दोनदा लिहून फाडलंय.

आधी तेलाचं सांगते. बावचीचं तेल सोडून दिलं. भैरवी म्हणाली की बायकांना आता केशराचं हवंय, दुधासारखी कांती पाहिजे सगळ्यांना. मी म्हटलं कांती आतनं येते, तेल नुसतं कोरडेपणा घालवतं, कातडीला आधार देतं. ती म्हणाली, "असं गिऱ्हाइकापुढं बोलू नका हं!"

हे काय लिहीत बसले मी.

आक्का, ती डागवाली बाई म्हणजे मीच. डाव्या गालाला जबड्याजवळ एक, हातावर दोन, पाठीवर किती ते मला दिसत नव्हते, ह्यांनी मोजले. दीड वर्षापासनं आहेत. मला वाटायचं, चेहऱ्याचं तेल करणाऱ्या बाईच्याच चेहऱ्यावर डाग म्हणजे लाजच की. म्हणून तेलावर तेल करत सुटले. आणि फोड आला तेव्हा हे गप्प बसले नाहीत. "कढत तेल आणि तुला कळत न्हाय? हे वेंधळेपण न्हाय शालन," म्हणाले आणि सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कापसाचं बारीक टोक केलं. म्हणाले, "मावशी, डोळे मिटा. जिथं कापूस लागेल तिथं बोट ठेवायचं." मी डोळे मिटले. कपाळावर लागला, बोट ठेवलं. मानेवर लागला, ठेवलं. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं कुणीतरी आत आलं असेल, बोलत असतील. मी तशीच वाट बघत बसले. शेवटी डोळे उघडले, तर डॉक्टर माझ्या हातावर कापूस फिरवत होते. आणि हे भिंतीला टेकून उभे होते, तोंडावर रुमाल धरून.

कुष्ठरोग आहे. लिहिलं बघ.

मी डॉक्टरांना म्हटलं, "अहो, मी रोज आंघोळ करते, घर स्वच्छ असतं." ते म्हणाले, "त्याचा काही संबंध नाही. जंतू कुणाच्याही अंगात शिरतो. बहुतेकांना काही होत नाही, एखाद्याला होतं." वर्षभर गोळ्या. पहिल्या गोळ्या त्यांच्यासमोरच घेतल्या. त्या सुरू झाल्या की माझ्यापासनं कुणाला धोका राहत नाही असं ते म्हणाले. बोटं वाकडी होणार नाहीत, वेळेत आलात, म्हणाले. जिथलं कळायचं गेलंय तिथं परत कळेलच असं नाही. एक गोळी अशी आहे की तिनं कातडी काळवंडते, कोरडी पडते. औषध संपलं की हळूहळू रंग परत येतो. मी हसले, आक्का. डॉक्टरांना वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्यांनी परत समजावून सांगितलं. मला कळलं होतं. चेहरा उजळायचं तेल करणारी मी, आणि बरं व्हायचं तर चेहरा काळा करून घ्यायचा. ह्यावर रडायचं का हसायचं हे मला तेव्हाही सुचलं नाही, आताही सुचत नाही.

आता जे लिहायचं आहे ते.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कोण कोण राहिलंय. मी म्हटलं आम्ही दोघंच. ह्यांना तपासलं, काही नाही. मग ते म्हणाले, "गेल्या पाच-सहा वर्षांत आणखी कोणी?" ह्यांनीच सांगितलं, "मेहुणीची मुलगी होती, तीन वर्षं."

श्रुतीला दाखव, आक्का. खांद्यावरचा डाग मी शिबं म्हणून करंजाचं तेल लावत होते. शिबंच असेल. असू दे. पण कापूस लावून बघायला पाहिजे. तिकडं गारगोटीत नको वाटलं तर इकडं पाठव, मी नेते. सुपारीच्या आधी कळलेलं बरं का नंतर, हे मला विचारू नकोस. मी रात्रंदिवस तोच विचार करतेय आणि दोन्हीकडनं तेवढंच वाईट दिसतंय.

माझ्याकडं राहायला होती म्हणून तिला काही झालं असेल तर मी काय करायचं हेही कळत नाही. तुझा राग मला कळतो. तरी दाखव.

शालन


कोल्हापूर
६ फेब्रुवारी २०००

प्रिय आक्का,

जय भीम. तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून मीच लिहितेय.

माझं पत्र वाचून तू श्रुतीला म्हणालीस, "मावशीचं डोकं फिरलंय." ती दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं माझ्या दारात उभी. तुला न सांगता आली ह्याचा दोष मला देऊ नकोस, मी बोलावलं नव्हतं. दार उघडलं तर म्हणते, "मावशी, चला. मला पण कापूस लावून बघायचाय." जणू सिनेमाला निघालीय.

तिला दोन डाग निघाले, हे तुला तिनं सांगितलंच आहे. तिचा रोग अगदी सुरुवातीचा. सहा महिन्यांच्या गोळ्या आणि तिची कातडी काळवंडणार नाही. मी डॉक्टरांना विचारलं, "माझ्याकडनं झालं का?" ते म्हणाले सांगता येत नाही. हा जंतू अंगात वर्षानुवर्षं मुका बसतो. मला तिच्याकडनं नाही झाला आणि तिला माझ्याकडनं नाही झाला, असंही असेल. दोघींना तिसऱ्याच कुणाकडनं. मी परत परत विचारलं. ते कंटाळले असतील, पण दिसू दिलं नाही. आक्का, माझ्याकडनं झालं असं कळलं असतं तर मी निदान एका जागी बसून रडले असते. नाही असं कळलं असतं तर मान वर करून तुझ्या घरी आले असते. आता मी कशी बसू आणि कशी येऊ?

संघर्षला श्रुतीनं स्वतःच सांगितलं. वारणानगरच्या स्टँडवर, उभ्याउभ्या. तो म्हणे ऐकून घेत राहिला, गाडी आली तेव्हा तिला जागा धरून दिली आणि म्हणाला, "घरात बोलून सांगतो." अजून सांगितलेलं नाही. मोडलं म्हणायचं का नाही, हे तिलाच समजत नाही. मी म्हटलं विचार. ती म्हणाली, "मावशी, त्याला विचारायचं म्हणजे त्याच्या तोंडानं वदवून घेणं झालं. नको." 

भैरवीलाही मी सांगितलं. लपवून तिच्या दुकानात बाटल्या ठेवणं मला जमेना. माझा चेहरा अगदी कोळशासारखा नाही, पण आता तांबूस काळा दिसतो आणि बायका तिला विचारायला लागल्या होत्या की शालनताई नक्की काय लावतात तोंडाला. मी डॉक्टरांचं सगळं बोलणं तिला सांगितलं. तेलातनं काही होत नाही, तेही सांगितलं. ती माझा हात धरून रडली. आणि मग म्हणाली, "ताई, लोकांना कळलं तर माझं पार्लर बंद पडेल हो. मला माफ करा." बाटल्या परत पाठवल्या नाहीत, नवीन मागितल्याही नाहीत. एक बाटली मात्र तिनं स्वतःसाठी ठेवून घेतलीय आणि रोज लावते. परवा वाटेत भेटली तर गाल पुढं करून म्हणाली, "बघा की, मी सोडलं न्हाई." मला तिचा राग यावा का येऊ नये?

पण मी हे सगळं सांगायला पत्र लिहीत नाही.

श्रुती गेल्या रविवारी आली ती पिशवी भरून. म्हणाली, "मावशी, औषध होईपर्यंत राहू का?" मी म्हटलं, तुझंच घर आहे, पण आईला विचारलंस का? तर म्हणाली, "आई नको म्हणणार न्हाय." त्यावर तिनं बोलणं बदललं. संध्याकाळी जेवताना मी ताट वाढलं. ती ताटाकडं बघत बसली. मग म्हणाली, "हे सगळ्यांतलंच ताट हाय?"

आक्का, तू तिचं ताट वेगळं केलंस. पेला, टॉवेल, अंथरूण. मला तिनं एकदम सांगितलं नाही, तोडून तोडून काढून घ्यावं लागलं. तू वाईट म्हणून केलं नाहीस हे मी जाणते. घाबरलीस. दाजींना साखर आहे, त्यांना काही होऊ नये म्हणून केलंस. मीही पहिल्या आठवड्यात ह्यांचा पेला वेगळा करायला निघाले होते, ते माझ्यावर ओरडले.

पण आपल्या अण्णांची आठवण काढ. अण्णा शिपाई होते त्या ऑफिसात त्यांचा कप खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर असायचा. ते तो स्वतः धुऊन पालथा घालायचे. आपण दोघी सुट्टीत डबा घेऊन गेलो होतो तेव्हा तूच मला विचारलं होतंस, "अण्णांचा कप बाहेर का गं?" मी लहान होते, मला काय माहीत. तू घरी येऊन दोन दिवस जेवली नव्हतीस.

मी तुला शिकवत नाही. तू शाळेत पोरांना शिकवतेस, मला शिकवण्याचा काय अधिकार? मला नुसतं कळत नाही, की ज्या घरात ते ताट वेगळं झालं त्या घरात तूच होतीस हे कसं.

तिच्या गोळ्या सुरू आहेत. धोका कुणालाच नाही. तू ये.

शालन


कोल्हापूर
२३ जुलै २०००

प्रिय आक्का,

सप्रेम जय भीम. तू सुखरूप पोचल्याचा श्रुतीला फोन आला. दाजींना सांग, त्यांनी पाठवलेला तांदूळ चांगला निघाला.

श्रुतीच्या गोळ्या संपल्या. डॉक्टरांनी परत कापूस फिरवला, खांद्यावर आता कळतंय. माझ्या अजून चालू आहेत. तिनं इथल्या शाळेत अर्ज केलाय. वारणानगरहून शेवटी निरोप आला तो तू ऐकलासच, ‘सध्या मुलाचं लग्न करायचं नाही.’ श्रुतीनं तो ऐकला आणि भाजी चिरत राहिली. मला वाटलं रडेल. रडली नाही. मग मला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं. तिच्या मनात काय चाललंय हे मला अजून उलगडलेलं नाही. तुला काही बोलली का?

तेलाचं एक नवीन झालंय. दवाखान्यात पाय भेगाळलेले, कोरडे पडलेले पुष्कळ लोक येतात. डॉक्टर त्यांना रोज पाय पाण्यात बुडवून वर तेल लावायला सांगतात. मी म्हटलं मी करून देते. पहिल्यांदा वाळा, नागरमोथा घालून मोठ्या हौसेनं केलं. डॉक्टर म्हणाले, "मावशी, साधं करा. ज्यांना कातडीला कळत नाही त्यांना काही टोचलं, चुरचुरलं तरी कळणार नाही." ते बरोबर होतं. मग नुसतं तीळतेल, उकळून गाळून घेतलेलं. तर एक म्हातारे, केरबा म्हणून, ते रुसले. "बाई, मागचं वासाचं तेल कुठं गेलं? पायाला न्हाय कळत, पण नाकाला कळत हुतं की." आता त्यांच्यासाठी बाटलीत वाळ्याच्या दोन काड्या घालून देते. योग्य का अयोग्य माहीत नाही. डॉक्टरांनी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

चेहऱ्याचंही तेल थोडं करते. भैरवीच्या ओळखीच्या दोघी-तिघी तिला न सांगता घरी येऊन नेतात. त्यांना सगळं माहीत आहे, तरी नेतात. का नेतात, मी विचारत नाही.

आता तुझं. तू आलीस, चार दिवस राहिलीस आणि आपण बोललो काय तर गॅसचा नंबर, पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत आणि शेवग्याच्या शेंगा. ताटाचं तूही काढलं नाहीस, मीही नाही. पहिल्या दिवशी तू जेवताना हातात घास धरून बसलीस, ते मी बघितलं. नंतर खाल्लास तेही बघितलं. श्रुतीच्या ताटातली चटणी तू बोटानं उचलून घेतलीस तेव्हा ती पाणी आणायला म्हणून उठली आणि आत मोरीत बराच वेळ उभी होती. तुला ते दिसलं नसेल म्हणून सांगते.

निघायच्या आदल्या दुपारी मीही दवाखान्यातल्या लोकांसारखी पाय पाण्यात घालून बसले होते. तू टॉवेल घेऊन खाली बसलीस. मी पाय ओढून घेतले, तू धरून ठेवलेस. "गप बस की," म्हणालीस. पुसलेस, हातावर तेल घेतलंस. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी तू, तुझ्या हातात माझे पाय. मला कुठं बघावं कळेना. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. तू दोन्ही तळव्यांना तेल चोळलंस, बराच वेळ, लहानपणी चोळायचीस तशी जोर लावून. मग मान वर न करता विचारलंस, "कळतंय का?"

मी म्हटलं, "व्हय."

तू परत विचारलंस, "दोन्हीकडं?"

मी म्हटलं, "दोन्हीकडं."

तेव्हा तू डोळे पुसलेस आणि उठून चहा ठेवलास. त्या चहाच्या वेळी सांगणार होते, पण तू हसत होतीस. स्टँडवर सांगणार होते, गाडी लागली. आपल्यात आता काही झाकून ठेवायचं नाही असं मी मनाशी ठरवलंय, म्हणून लिहिते.

डाव्या पायाचं मी खोटं बोलले, आक्का. उजव्याचं खरं होतं.

तुझी,
शालन